वरच्या मावशी आणि अडीच एफ.एस.आय.

माणसाच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणतात. आमच्या डोक्यावर गेली बेचाळीस वर्षं मावशी आहेत.

खुलासा करतो. वाशीच्या एका चार मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मावशी चौथ्या. आमच्या स्वयंपाकघराचं छत ही त्यांच्या न्हाणीघराची जमीन. सगळा तंटा या एका वाक्यात आला. १९९८ च्या पावसाळ्यात आमच्या ओट्याच्या बरोब्बर वर रुपयाएवढा ओला डाग दिसला. दुसऱ्या वर्षी तो बशीएवढा झाला. पुढे त्याला आकार येत गेला आणि एक दिवस पोळ्या लाटता लाटता वर बघून आमची ही म्हणाली, "अहो, हा अगदी कोकणपट्टीसारखा दिसतोय." तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही त्या नकाशावर लक्ष ठेवून असतो. ही सावंतवाडीची. ज्या वर्षी ओल तिच्या माहेरापर्यंत पोचली, त्या वर्षी मी सोसायटीला पहिलं पत्र लिहिलं.

मावशींनी त्या पत्राला उत्तर दिलं. उत्तराला मी प्रत्युत्तर दिलं. आज सोसायटीच्या दप्तरात आमच्या पत्रव्यवहाराची स्वतंत्र फाईल आहे आणि तिची जाडी इतर कोणत्याही फाईलपेक्षा अधिक आहे. 'आपल्या न्हाणीघरातील पाणी' असं मी लिहायचो आणि 'आपल्या कल्पनेतील पाणी' असं मावशी लिहायच्या. मात्र पत्राची पोच घ्यायला त्या खाली आल्या की हातात काहीतरी झाकलेलं असे. दिवाळीत चकली, संक्रांतीला गुळाची पोळी. भांडण ताटाच्या या बाजूला आणि चकली त्या बाजूला, अशी आमच्याकडची पद्धत होती. चकलीवर मी कधी लेखी आक्षेप घेतला नाही.

आता हे सगळं मोडून पडणार, असा रंग दिसू लागला तो आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची भाषा सुरू झाली तेव्हा. पण त्याआधी ही इमारत आम्हाला कशी मिळाली ते सांगितलं पाहिजे.

१९८३ साली गिरगावातली चाळ सोडून आम्ही वाशीला निघालो, तेव्हा नातेवाइकांनी निरोप दिला तो विलायतेला चाललेल्या माणसाला देतात तसा. बोटीवर हार घालायचे तेवढे बाकी होते. मामांनी "तिकडे पत्र किती दिवसांनी पोचतं रे?" अशी चौकशी केली. मामांचंही चुकत नव्हतं. नवी मुंबई हे शहर आधी कागदावर जन्माला आलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात, मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी अशी कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. खाडीवर पूल झाला. सेक्टर आखले गेले, त्यांना आकडे दिले गेले. आता फक्त गर्दीनं यायचं बाकी होतं. ती गर्दी म्हणजे आम्ही दोघं, एक पत्र्याची ट्रंक आणि वरच्या मजल्यावर मावशींचं कुटुंब.

वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ साली. तोवर मानखुर्दपर्यंत गाडी आणि पुढे पुलावरून बस. खिडकीची जागा मिळाली तर खाडीचा वारा फुकट. येईल त्या पाहुण्याला गॅलरीत उभं करून आम्ही म्हणायचो, "हवा बघा आमच्याकडची!" पाहुणे छाती भरून हवा घ्यायचे, चहा प्यायचे आणि शेवटची बस चुकू नये म्हणून साडेसातलाच उठायचे.

ही हवा भिंतीच्या आत काय करते आहे, हे कळायला आम्हाला चाळीस वर्षं लागली. तिच्यातला क्षार काँक्रीटमधून हळूहळू झिरपत आतल्या सळईपर्यंत पोचतो. जोडीला पाणी मिळालं की सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. ते आतल्या आत फुगतं आणि बाहेरच्या काँक्रीटला ढकलून देतं. घरजावई चार दिवसांसाठी म्हणून यावा आणि बस्तान वाढवत वाढवत शेवटी त्यानं सासऱ्यालाच ओसरीवर काढावं, तसा हा प्रकार.

पण नुसत्या हवेला बोल लावणं बरोबर नाही. आम्हीही हातभार लावला. बेलापूरला कोरियांनी ऐंशीच्या दशकात एक वसाहत बांधली. छोट्या छोट्या अंगणांभोवती सुटी सुटी घरं आणि कुटुंब वाढेल तसं घरही वाढवता यावं अशी सोय. आमची इमारत काही वाढण्यासाठी बांधलेली नव्हती. तरी आम्ही ती वाढवली. गॅलरी आत घेऊन मुलांची खोली केली. माळ्यावर माळा चढवला. जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी फरशी बसवली आणि मुलाच्या लग्नात तिच्यावर आणखी एक. गच्चीवर जादा टाकी आली. मागच्या पाइपाच्या फटीत पिंपळ उगवला. पिंपळ उपटायचं पाप कोणी घ्यायचं हा प्रश्न लागोपाठ सहा वार्षिक सभांपुढे होता. सहाही वेळा 'सदर काम सेक्रेटरींकडे सोपवण्यात येत आहे' असा ठराव झाला आणि सहाही वेळा सेक्रेटरी बदलले. पिंपळ आता दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आहे. शनिवारी त्याला कोणीतरी उदबत्ती लावतं.

तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घ्यावी असा कायदा आहे. आम्ही ती बेचाळिसाव्या वर्षी करून घेतली. त्यासाठी एक इंजिनियर आला. वयानं आमच्या नातवाएवढा. हातात एक लहानशी हातोडी. भिंतीला कान लावून तो टकटक करायचा, पुढे सरकायचा, परत टकटक. मध्येच मान हलवायचा. डॉक्टरांनी अशी मान हलवली की पेशंटच्या घरच्यांचं काय होतं ते मला त्या दिवशी समजलं.

आमची ही थोडा वेळ बघत राहिली. मग तिला राहवलं नाही. "अरे बाळा," ती म्हणाली, "मडकं वाजवून घ्यायचं ते विकत घेताना. बेचाळीस वर्षांनी काय वाजवतोयस?"

महिन्याभरानं अहवाल आला. महापालिका धोकादायक इमारतींचे चार वर्ग करते. सी-वन म्हणजे ताबडतोब खाली करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे खाली करून दुरुस्त करा. सी-टू-बी म्हणजे राहता राहता दुरुस्त करा. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. आम्हाला सी-टू-ए मिळालं. निम्मे सभासद खूश झाले. सबंध आयुष्यात कुठल्याही परीक्षेत 'ए' न मिळालेली ही माणसं. त्यांना समजावून सांगताना सेक्रेटरींना घाम फुटला. पण खरा प्रश्न पुढे होता. एवढा खर्च करून आणि घरं खाली करून जुनंच उभं करायचं, की पाडून नवं बांधायचं?

त्याच सुमाराला माझ्या भाचीचा अमेरिकेहून फोन आला. ती ओरेगॉनात असते. मी तिला आमची सारी कर्मकहाणी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामा, इकडेही तेच चालू आहे." तिकडे कारखान्यात बनवलेली, ओढून नेता येतील अशी घरं असतात. १५ जून १९७६ पासून त्या घरांना तिथल्या केंद्र सरकारचे बांधणीचे नियम लागू झाले. त्याआधीची घरं आता खिळखिळी झाली आहेत. थंडी आत येते, आतली ऊब बाहेर जाते आणि विजेचं बिल भरता भरता माणूस मेटाकुटीला येतो. त्यात राहणारे बहुतेक बेताच्या कमाईचे, पुष्कळसे म्हातारे. म्हणून ओरेगॉनसारखी काही राज्यं जुनं घर मोडीत काढून नवं घ्यायला पैशाची मदत करतात.

"पण चाकांवरचं घर ना?" मी विचारलं. "मग ढकलत न्यायचं आणि नवं आणायचं. त्यात काय एवढं?"

"नाही हो मामा," ती म्हणाली, "नावाला चाकं. एकदा जागेवर बसलं की ते घर बहुधा आयुष्यात पुन्हा हलत नाही. आणि म्हातारे तर त्याहून हलत नाहीत."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. त्यांच्या घरांना चाकं असून ती हलेनात, आणि आमच्या घराला चाकं नसून आम्हाला हलायला सांगत होते.

फरक होता तो मदतीत. तिकडचं सरकार पैसे देतं. आमच्याकडे सरकार हवा देतं. हे मला तळमजल्यावरच्या गणिताच्या निवृत्त मास्तरांनी समजावून सांगितलं. २०१५ साली राज्य सरकारनं नवी मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींना अडीचपर्यंत एफ.एस.आय. मंजूर केला. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-वन, जेएन-टू नमुन्याच्या इमारतींतले लोक कितीतरी वर्षं त्यासाठी झगडत होते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये जवळजवळ साऱ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली आणि हिशेब पुन्हा बदलले. पण आमच्या इमारतीत 'अडीच' हा शब्द जो रुजला तो रुजलाच. भाजीवालीनं अडीच रुपये सुट्टे मागितले तरी सगळे माना वळवून बघायचे.

"मास्तर, पण अडीच म्हणजे काय?" मी विचारलं.

"समजा, हजार चौरस मीटर जमीन आहे," मास्तर म्हणाले. "एक एफ.एस.आय. म्हणजे सगळे मजले मिळून हजार मीटर बांधायचं. अडीच म्हणजे अडीच हजार. आपलं आपल्याला बांधून द्यायचं, वर थोडं वाढवून द्यायचं. उरलं ते बिल्डरनं विकायचं. त्या विक्रीतून त्याचा नफा आणि आपल्या घरांचा खर्च."

"म्हणजे सरकारचा पैसा?"

"एक छदामही नाही. तुमच्या डोक्यावरची रिकामी जागा विकायची परवानगी. बस्स."

मला सरकारचं कौतुक वाटलं. खाऱ्या हवेनं आमचं घर खाल्लं होतं. आता मोकळी हवा विकून नवं यायचं होतं. मला एकच खुपलं. आमच्या डोक्यावर रिकामी जागा कुठे होती? मावशी होत्या.

यथावकाश सर्वसाधारण सभा भरली. बिल्डर निवडायच्या सभेला सहकार खात्याचा अधिकारी हजर लागतो आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं. ही बातमी कशी कोण जाणे, 'आपल्याकडे शूटिंग आहे' अशा स्वरूपात मजल्यामजल्यांवर पोचली. एरवी बनियनवर सभेला येणारे सभासद इस्त्रीच्या शर्टात आले. आमच्या हिनं लेकीच्या लग्नातलं पैठणी नेसून पहिल्या रांगेत जागा धरली. एरवीच्या सभेत एकमेकांची कुळं काढणारी मंडळी कॅमेऱ्याकडे बघून 'माननीय सभासद' म्हणू लागली. पिंपळाचा विषय निघाला तेव्हासुद्धा कोणी आवाज चढवला नाही.

बिल्डरतर्फे एक तरुण आला होता. त्यानं पडद्यावर नवी इमारत दाखवली. वीस मजले, दोन लिफ्ट, खाली बाग, बागेत बाकावर बसलेलं एक म्हातारं जोडपं. जोडपं गोरंपान होतं आणि विनाकारण हसत होतं. "हे कोण?" म्हणून हिनं विचारलं. "हे तुम्ही, आण्टी," तो म्हणाला. ही खूश झाली. मग त्यानं बाकीचं सांगितलं. घर खाली केल्यापासून ताबा मिळेपर्यंत दरमहा भाडं, सामान हलवायचा खर्च, आणि साधारण साडेतीन वर्षांत नव्या घराची किल्ली.

साडेतीन वर्षं! सभेत एकदम शांतता पसरली. बहुतेक सगळे मनातल्या मनात एकच बेरीज करत होते. मास्तरांनी ती कागदावर केली. वीस घरांतल्या थोरल्या माणसांच्या वयांची सरासरी त्यांनी सभेच्या नोटिशीच्या पाठीमागे काढली. एकाहत्तर आली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

सरकारच्या सगळ्या योजना चौरस फुटांत मोजतात. जुनं इतकं, नवं इतकं, वाढीव इतकं. त्यात कुठेही वर्षांचा रकाना नाही. समोरच्या गल्लीतल्या इमारतीचा पुनर्विकास आमच्याआधी सुरू झाला. तिथले एक गृहस्थ रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचे. घर खाली करून ते भाड्याच्या घरात गेले. भाड्याचे करार अकरा महिन्यांचे. अकरा महिन्यांनी मालकाला घर हवं झालं, ते दुसरीकडे गेले. पुन्हा अकरा महिन्यांनी तिसरीकडे. प्रत्येक वेळी फिरायचा रस्ता बदलायचा, दूधवाला बदलायचा, देव ठेवायचा कोपरा बदलायचा. "पत्ता विचारला की मी जरा थांबतो हल्ली," असं मला एकदा म्हणाले. तिसऱ्या घरात ते गेले. नव्या घराचा ताबा मुलानं घेतला. घर चांगलं आहे. मी जाऊन आलो. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे.

सभेत वीसपैकी एकोणीस घरांनी हो म्हटलं. एकच हात वर झाला नाही. मावशींचा.

तसं बघितलं तर त्यांच्या होकारावाचून काही अडणार नव्हतं. २००९ साली राज्य सरकारनं पुनर्विकासाची रीत घालून दिली तेव्हा तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागायची. ४ जुलै २०१९ च्या निर्णयानं ती ५१ टक्क्यांवर आली. वीसात अकरा झाले की काम झालं. सेक्रेटरींनी हे सभेत मोठ्यानं वाचूनही दाखवलं. पण वाचून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कायदा दाखवून घराबाहेर काढायचं! आणि याच सेक्रेटरींच्या मुलाला लहानपणी दुपारची शाळा सुटल्यावर मावशींनी सांभाळलेलं.

"कोणीतरी जाऊन बोललं पाहिजे त्यांच्याशी," सेक्रेटरी म्हणाले आणि सगळ्या सभेनं माझ्याकडे पाहिलं.

"मी? अहो, आमची फाईल बघा!"

"म्हणूनच," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचे त्यांचे जुने संबंध आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. किती वर्षांनी गेलो ते आठवेना. पत्रं मी पेटीत टाकत असे आणि चकली खालीच येत असे. मावशींनी दार उघडलं. "या. पत्र घेऊन आलात की तसेच?"

"तसाच."

"मग बसा."

मी बसायला गेलो तर खुर्चीत पातेलं. दुसऱ्या खुर्चीजवळ बादली. पावसाळा संपून महिना झाला होता. तरी भिंतीच्या कडेला अंथरलेलं प्लास्टिक तसंच होतं. मी वर पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमच्या छतावर कोकणपट्टी होती. इथे सबंध भारतवर्ष होतं. पलंगाच्या बरोब्बर वरचा पापुद्रा पडून आतल्या सळया उघड्या झाल्या होत्या, म्हाताऱ्या हाताच्या शिरांसारख्या. पलंग भिंतीपासून सरकवत सरकवत खोलीच्या मधोमध आला होता.

"तीनदा हलवला," मावशी म्हणाल्या. "आता चौथ्यांदा जागा नाही."

"मावशी, हे पाणी..."

"गच्चीचं. तुमच्याकडे येतं तेही हेच. माझं न्हाणीघर दोनदा खणून नवं केलं मी. दोन्ही वेळा गवंडी म्हणाला, बाई, पाणी वरून येतंय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? तुमच्या डोक्यावर मी होते, म्हणून तुम्ही मला पत्रं लिहिलीत. माझ्या डोक्यावर कोण? देव. त्याला पत्र कुठल्या पेटीत टाकायचं?"

मी गप्प बसलो. कारण मला एक गोष्ट आठवली होती. २००४ साली गच्चीच्या दुरुस्तीचा विषय सभेपुढे आला होता. खर्च बराच होता. प्रत्येक घरावर वर्गणी बसणार होती. 'गच्ची ही मुख्यत्वे वरच्या मजल्याच्या उपयोगाची असल्यामुळे' ती दुरुस्ती पुढे ढकलावी असा ठराव खजिनदारांनी मांडला आणि तो बहुमतानं मंजूर झाला. त्या वर्षी खजिनदार मी होतो. मसुदा माझाच. 'मुख्यत्वे' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

मावशींनी चहा ठेवला. मी ठरवून आणलेलं भाषण आठवू लागलो. वाढीव चौरस फूट, लिफ्ट, बाग, बागेतलं बाक. यातलं काहीच त्या छताखाली म्हणवेना.

"मावशी," शेवटी मी म्हटलं, "सही करा न करा. पण आज रात्री इथे झोपू नका. खाली या."

त्या हसल्या. "घाबरलात?"

"हो."

"मी नाही घाबरत छताला," त्या म्हणाल्या. "ते पडेल तेव्हा पडेल. साडेतीन वर्षांची भीती वाटते. या घरातून मी जाणार ती कशी, ते मी ठरवून ठेवलं होतं. हे गेले ते इथूनच गेले, जिन्यावरून खुर्चीत बसवून नेलं होतं त्यांना. तुम्ही एका बाजूनं धरली होतीत. आठवतं? आता मला भाड्याच्या घरात पाठवताय. तिथे मी कोण? कोणाच्या डोक्यावर पाणी सोडू?"

मला उत्तर सुचलं नाही. मास्तरांचा कागद अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तो मी काही बाहेर काढला नाही.

त्या रात्री मावशी आमच्याकडे झोपायला आल्या. उशी त्यांची त्यांनीच आणली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी डोकावलो. ओट्यापाशी उभ्या राहून त्या वर बघत होत्या. पंचवीस वर्षं आम्ही ज्याच्यासाठी भांडलो, तो नकाशा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"रत्नागिरी कुठली?" त्यांनी विचारलं.

हिनं लाटण्याचं टोक लावून रत्नागिरी दाखवली.

पुढच्या रविवारी संमतिपत्रांवर सह्या घ्यायला सेक्रेटरी आणि बिल्डरचा तो तरुण खाली कट्ट्याजवळ टेबल टाकून बसले होते. मावशी काठी टेकत टेकत चार मजले उतरून आल्या. सगळे उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, संमतिपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पेन हातात घेऊन म्हणाल्या, "माझी एक अट आहे. ती आधी लिहून घ्या."

तरुणाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, झालं, आता जादा चौरस फूट मागणार.

"नव्या इमारतीत मला यांच्या खालचं घर हवं," माझ्याकडे काठी करून मावशी म्हणाल्या. "बरोब्बर खालचं. स्वयंपाकघराखाली स्वयंपाकघर."

"पण आजी, वरच्या मजल्याला व्ह्यू चांगला असतो," तो म्हणाला. "खाडी दिसते."

"खाडी मी पुष्कळ पाहिली. बेचाळीस वर्षं यांची पत्रं खाल्ली मी. आता चाळीस वर्षं गळायची पाळी यांची आणि पत्रं लिहायची माझी."

तरुण 'चाळीस वर्षं?' असं काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं. ते गणिताचे मास्तर. पण चाळीसचा हिशेब त्यांनीही मागितला नाही. सेक्रेटरींनी मुकाट्यानं अट लिहून घेतली. मावशींनी सही केली. मग मी केली.

परवा सामानाची आवराआवर करताना हिनं विचारलं, ती पत्रांची फाईल सोसायटीकडून मागून घ्यायची का. मी म्हटलं, "माझ्याकडे नको. मावशींना दे. मसुदे त्यांच्या उपयोगी पडतील."